साखरेच्या वाघासाठी गहिवरावे कसे

न्याहारीच्या सीरियलच्या जुन्या अमेरिकन जाहिराती पाहून आपल्यालाही गहिवरून यावे, अशी आपली इच्छा असेल, तर आधी शब्दाचा घोळ मिटवून घ्यावा. ही सीरियल म्हणजे संध्याकाळी सात वाजता आपल्या घरी लागते ती नव्हे. ही कॉर्नफ्लेक्सच्या जातीची, वाडग्यात ओतून गार दुधाबरोबर खायची असते आणि तिला शेवट असतो. दुसरी अडचण अशी, की १९६० च्या दशकात शनिवारी सकाळी टीव्हीसमोर फतकल मारून बसलेले अमेरिकन मूल आपण कधीच नव्हतो. त्याची काळजी करू नये. आपली आठवण फार तर १९९० च्या दशकातली, केलॉग ही सीरियलवाली कंपनी भारतात आल्यानंतरची असणार: आईने सवयीने कढत दूध वर ओतले आणि कुरकुरीत म्हणून विकत आणलेल्या पदार्थाचा मिनिटभरात लगदा झाला. ही आठवण खरी असल्यामुळे या कामी निरुपयोगी आहे. गहिवरायला दुसऱ्याचे बालपण अधिक सोयीचे, कारण त्यात आपल्याला कोणी रागावलेले नसते.

पहिला मान वाघाला द्यावा. केलॉगच्या 'शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स'साठी १९५२ साली टोनी हा वाघ नेमला गेला, तेव्हा कॅटी नावाची कांगारू, एक हत्ती आणि एक नू हरीण असे आणखी तीन उमेदवारही होते. वाघ तेवढा टिकला. थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी पाच दशकांहून अधिक काळ त्याला आवाज दिला आणि 'ग्रेट' या शब्दातला र असा काही घोळवला, की पुढे काय विकले जात आहे याकडे ऐकणाऱ्याचे लक्षच जाऊ नये. आपणही तो र ऐकताना डोळे मिटावेत. मिटलेल्या डोळ्यांचा दुसरा फायदा असा, की १९८० च्या दशकात नावातला 'शुगर' हा शब्द कुठे गेला, हे दिसत नाही. 'शुगर स्मॅक्स' या दुसऱ्या सीरियलचे नाव त्याच दशकात 'हनी स्मॅक्स' झाले, वजनात निम्म्याहून अधिक साखर होती तशीच राहिली. पूर्वी आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत आणि घरात कारभार त्याचाच चाले, त्यातलाच हा प्रकार.

वाघावर हात बसला, की सशाकडे वळावे. १९५९ पासून 'ट्रिक्स'च्या जाहिरातींत एका सशाची एकच कथा चालत आली आहे. त्याला भूक लागते, तो कधी म्हातारीचे तर कधी आणखी कोणाचे सोंग घेतो, घास तोंडाशी नेणार इतक्यात त्याचे लांब कान बाहेर पडतात, आणि मुले वाडगा ओढून घेत त्याला सांगतात, की वेड्या सशा, हे फक्त मुलांसाठी असते. आपल्या घरात एखाद्या मुलाने दारात आलेल्या मांजरालाही असे वागवले असते, तर आजीने त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. परंतु हे सारे रंगीत असल्यामुळे निरागस समजावे. १९७६ साली, अध्यक्षीय निवडणुकीच्याच वर्षी, सशाला ट्रिक्स द्यावे की नाही यावर मुलांचे मतदान घेण्यात आले. मत देण्यासाठी खोक्याचा तुकडा पाठवावा लागे, म्हणजे आधी खोके विकत घ्यावे लागे. ससा प्रचंड बहुमताने जिंकला, त्याला एक वाडगा मिळाला, आणि पुढे तो पूर्ववत उपाशी राहिला. निकालानंतर काय होते, याचा आपला अनुभव दांडगा असल्याने येथे डोळे आपोआप पाणावतील. 'लकी चार्म्स'च्या जाहिरातींत उलटे आहे: १९६४ पासून तेथे आयरिश लोककथांतला बुटका स्वतःचे खाणे घेऊन जिवाच्या आकांताने पळतो आणि मुले ते हिसकावायला त्याच्या मागे लागतात. कोणाकडे खाणे आहे हे बदलते. मुलांचा हक्क बदलत नाही.

पक्ष्याबद्दल फार बोलू नये. 'फ्रूट लूप्स'चा टूकन सॅम १९६३ पासून चोचीने फळांचा वास काढत आला आहे, आणि वाडग्यातल्या साऱ्या रंगांच्या चकत्यांची चव मात्र एकच असते. रंगांची हौस असल्यास १९७१ साली आलेल्या, खोक्यावर गुलाबी राक्षस मिरवणाऱ्या 'फ्रँकन बेरी'कडे जावे. पुढच्याच वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकात १२ वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापून आली. शौच लालभडक झाले म्हणून त्याला इस्पितळात दाखल केले होते, आणि रक्त समजून केलेल्या धावपळीच्या मुळाशी निघाला त्या गुलाबी राक्षसाचा न पचलेला खाद्यरंग. संध्याकाळच्या मैफिलीत हा किस्सा सांगताना 'काय दिवस होते ते' एवढे शेवटी जोडायला विसरू नये.

एखादा अरसिक मध्येच विचारील, की लहान मुलांना गोड विकायला कार्टून वापरणे बरे होते का. त्याला हसून सांगावे, की जुन्या काळी लोक असल्या गोष्टी मनाला लावून घेत नसत. पेगी चॅरेन आणि काही मातांनी १९६८ सालीच मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांच्या टीव्हीसाठी संघटना काढली होती, १९७८ साली अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने अशा जाहिरातींवर बंधने सुचवली होती, आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'ने त्या आयोगाला अख्ख्या देशाची आया म्हणून हिणवल्यावर दोन वर्षांत अमेरिकी संसदेने त्याचे हात बांधले होते, हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता कमीच. चिली या देशाचे नाव निघाल्यास मात्र मान खाली घालावी. तेथे २०१६ पासूनच्या कायद्याने वाघाला खोक्यावरून उतरवले आहे, आणि एका पगारी विक्रेत्याची नोकरी गेल्याचे एवढे दुःख आपल्या घराण्यात यापूर्वी कोणाला झाले नसेल.

आता मंडळी झोपल्यावर दिवा मालवून जुन्या जाहिरातींची इंटरनेटवरची एखादी तासाभराची संकलित चित्रफीत लावावी. ती सुरू होण्याआधी कसल्याशा प्रोटीन पावडरीची जाहिरात येईल. पाच सेकंद ती सोसावी आणि बटण दिसताच चडफडत वगळावी. जाहिराती शांतपणे पाहायला बसलेल्या माणसाच्या मध्ये जाहिराती आणणाऱ्यांना काही पोच म्हणून नसतो.