बंपरला पस्तीस हजार आणि मेस्त्रींचे आठशे

आज सकाळी जे पाहिले ते दिवसभर डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

बेळगावात जुन्या मोटारी सांभाळणारे आम्ही सात-आठ जण अधूनमधून रविवारी एकत्र जमतो. आज टिळकवाडीत जमलो होतो. एका स्नेह्याने आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीला क्रोमचा बंपर बसवला आहे. तो मुंबईहून शोधून आणला आणि वाहतुकीसह पस्तीस हजारांना पडला, असे तो अभिमानाने सांगत होता आणि आम्हीही कौतुकाने त्यावरून हात फिरवत होतो. तेवढ्यात आमच्या गाड्या दुरुस्त करणारे मेस्त्री आले. गेल्या आठवड्यात त्यांनीच या गाडीचे चारही व्हील सिलिंडर उतरवून, साफ करून, रबर कप बदलून ब्रेक जागेवर आणले होते. दोन दिवस ते गाडीखाली होते. मजुरी सांगितली अठराशे रुपये. आमचा स्नेही म्हणाला, "एवढं कुठं असतंय मेस्त्री, हजार घ्या की." मेस्त्री "बरं, असू दे" म्हणाले, नोटा न मोजता खिशात घातल्या आणि निघून गेले.

मी तिथे एक शब्द बोललो नाही. त्याची लाज वाटते आहे.

ज्यांना हे मेस्त्री ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. १९९१ च्या मे महिन्यात आत्याच्या घरचे लग्न उरकून आम्ही सावंतवाडीहून परतत होतो. बाबांची पद्मिनी, आत आम्ही पाच जण आणि वर कॅरियरवर सामान. आंबोलीचा घाट चढताना गाडी बंद पडली. चढावर इंजिन तापले की पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि मग पंप ते पुढे ढकलू शकत नाही, हे जुन्या गाड्या चालवलेल्यांना सांगायला नको. आजीने आपला पंचा भिजवून दिला, बाबांनी तो पंपावर गुंडाळला आणि गाडी सुरू झाली. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी पंचा कामाला आला नाही, कारण पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, फाटून पेट्रोल खाली ठिबकू लागले होते. बाबांनी एका ट्रकमधून आंबोली गाठली आणि मेस्त्रींच्या शेजारच्या दुकानात फोन केला. दिवेलागणीला मेस्त्री बेळगावहून एसटीने येऊन उतरले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला डायफ्राम, नट खोलायचे दोन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर, एवढेच त्यांच्याबरोबर होते. बॅटरीच्या उजेडात अर्ध्या तासात त्यांनी पंप खोलून पुन्हा बसवला.

ती गाडी आजही माझ्याकडे आहे, आणि ती ठेवायला खर्च किती येतो, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतेच. खर्च येतो, नाकारत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून निघू लागलेली ही गाडी बंद होऊन वीस वर्षे उलटून गेली. तिच्या मापाचे ५.२० बाय १४ चे टायर आता सहजासहजी मिळत नाहीत. दारांचे बीडिंग, काचेचे रबर, हेडलाइटच्या रिंगा यांच्यासाठी कोल्हापूर, पुणे, मुंबई अशी वणवण करावी लागते. तरीही पार्टांची रड मला पटत नाही. आपल्या गावात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत आहे. जुना बुश किंवा पिन नमुन्याला दिली तर लेथवर तशीच दुसरी उतरवून देणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि हे भाग्य पुण्या-मुंबईच्या अनेक हौशी लोकांनाही नाही. पण तो बुश झिजला आहे हे ओळखणार कोण? स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून इंजिनच्या झडपा हलवणारा कोणता टॅपेट वाजतो ते सांगणारा माणूस कोणत्या लेथवर घडवणार? फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, न लावता इग्निशनच्या पॉइंटचे अंतर नेमके बसवणारे बोट कोणत्या दुकानात विकत मिळते?

सरकारचे म्हणाल तर त्याचाही राग आहेच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि पूर्वी सहाशे रुपये असलेले हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले खरे, पण त्या नोंदणीचे शुल्क वीस हजार आहे आणि ती घेतल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आईला कपिलेश्वराच्या दर्शनाला नेता येणार नाही, अशी गाडी ठेवून मी काय करू? जिवापाड सांभाळलेली गाडी आणि कुंपणाला टेकवून गंजत ठेवलेला सांगाडा यांत कागदावर काहीच फरक नसतो, हे मला खटकते. या गाड्यांचा धूर जास्त असतो आणि त्यांच्यात आजच्यासारखी सुरक्षितता नाही, हे मान्य आहे. पण माझी गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटरही धावत नाही.

पेट्रोलचे दुखणे मात्र खरोखर मोठे आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी या गाड्या बनलेल्याच नव्हत्या. जुन्या पद्धतीचे रबर त्यात फुगते, नरम पडते आणि तडकते. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकी आतून गंजू लागते, आणि आपल्याकडचा पावसाळा कसा असतो ते खानापूरकडच्या मित्रांना विचारा. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना आणि त्यांच्यामुळे शेतकऱ्यांना इथेनॉलचा आधार आहे, माझ्या मामांचाही ऊस त्यातच जातो, तेव्हा त्यावर मी फार बोलत नाही. पण १९९१ मध्ये घाटात बसवलेला तो डायफ्राम नऊ वर्षे टिकला होता, आणि अलीकडे बसवलेला दोन वर्षांतच गेला. तो गेल्याचे ओळखले कोणी? पुन्हा मेस्त्रींनीच. गाडी दारात येऊन थांबल्यावर बॉनेट उघडण्यापूर्वीच ते म्हणाले, "पंप बघायला पाहिजे."

त्यांचे वय आता चौऱ्याहत्तर आहे. थोरला मुलगा उद्यमबागेत संगणकावर चालणारे सीएनसी मशिन चालवतो, धाकटा गोव्यात नोकरीला आहे. दोघांपैकी कोणीही हे काम शिकला नाही, आणि बापाला दिवसाचे पाचशे रुपये मिळताना पाहून त्यांनी ते का शिकावे? नवीन गॅरेजमधील मुलांनाही मी दोष देत नाही. त्यांना स्कॅनर जोडून गाडीचा दोष वाचायला शिकवले आहे, आणि माझ्या गाडीत स्कॅनर जोडायला जागाच नाही.

दोष आपला आहे, मित्रांनो. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा आपण सारे मोबाइल उंचावून उभे राहतो, पण ती वर्षानुवर्षे चालती ठेवणारे हात कोणाचे, हे आपल्यापैकी एकाने तरी कधी विचारले आहे का? रंगाला लाख रुपये देताना आपला हात थरथरत नाही, कारण रंग फोटोत दिसतो. ब्रेक फोटोत दिसत नाहीत. ज्या माणसाच्या हातावर विसंबून आपण बायकामुलांना घेऊन चोर्ला घाट उतरतो, त्याच्याशी आठशे रुपयांसाठी घासाघीस करायची आणि नंतर "आता चांगले मेस्त्री राहिले नाहीत" म्हणून हळहळायचे, हे कोणत्या तोंडाने?

एवढे लिहून झाल्यावर थोडा वेळ थांबलो होतो, कारण एक गोष्ट सांगावी की नाही हे ठरत नव्हते. आंबोलीच्या त्या रात्री बाबांनी मेस्त्रींना किती दिले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. डायफ्रामची किंमत आणि एसटीचे तिकीट. मेस्त्रींनी मजुरी मागितली नाही आणि बाबांनी विचारली नाही. बाबा वाईट माणूस नव्हते, लग्नात हात रिकामा झाला होता. पण शेवटच्या आजारपणात एकदा ते मला म्हणाले, "मेस्त्रीचं त्या घाटातलं द्यायचं राहिलं रे." तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणजे सकाळी माझ्यासमोर जे घडले ते आमच्या घरातही घडून गेले होते, आणि त्या स्नेह्यावर एवढे चिडण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे मला आता समजेनासे झाले आहे. त्याने हे वाचले तर वाईट वाटून घेऊ नये. मात्र उरलेले आठशे पोहोचते करावेत.

संध्याकाळी मेस्त्रींच्या घरी जाऊन आलो. सकाळचा विषय त्यांनी काढू दिला नाही. चहा झाला, आईची चौकशी झाली, आणि पाऊस लागण्यापूर्वी टाकी रिकामी करून आतून पाहायला हवी, असे त्यांनीच सुचवले. मंगळवारी गाडी घेऊन जातो आहे. मजुरी किती घेणार ते आजच विचारून घेतले. त्यांनी आकडा जरा चाचरतच सांगितला, आणि मी मान हलवून "ठीक आहे" म्हणालो.