काकू, त्रास सांगितल्याने दूध आटत नाही

काकू,

(तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काकू म्हणते.)

माझ्या स्तनपानावरच्या लेखाने तुम्हाला राग आला. चिरा, रक्त, ताप, रडारड हे सगळं लिहून मी नव्या आयांना घाबरवते आणि फावतं ते पावडरच्या डब्यांना, असं तुमचं म्हणणं. तुम्ही चार मुलं अंगावर पाजून वाढवलीत, तेव्हा कुणी शिकवायला आलं नव्हतं. आजकालच्या मुलींना कळ सोसत नाही. आणि अगदी शेवटी एक ओळ, की तुमच्या सुनेला वीस दिवसांतच दूध पुरेना आणि वरचं सुरू करावं लागलं. त्या ओळीकडे मी नंतर येते.

तुमचं एक म्हणणं मला पूर्ण पटलं. दुखण्यावर मी पाच परिच्छेद लिहिले आणि फायदे दोन ओळींत उरकले. ती माझी चूक. पहिल्या दोन-तीन दिवसांतला चीक दिसायला चमचाभर असतो, पण बाळाला जंतूंपासून वाचवणारी द्रव्यं त्यात खच्चून भरलेली असतात, आणि त्या वयात बाळाला एका वेळी थोडासाच लागतो. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीसुद्धा नको, अगदी मे महिन्यातही नको. बाळ ओढतं तेव्हा आईचं गर्भाशय आकसतं, रक्तस्राव कमी होतो. पाजताना पोटात कळ येते ती त्याचीच. आणि हे फार कमी जणींना ठाऊक असतं: ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली, त्यात दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

पण 'कुणी शिकवायला आलं नव्हतं' हे मला मान्य नाही. तुम्हाला शिकवलं गेलं होतं, फक्त त्याला कुणी शिकवणं म्हणालं नाही. भरल्या घरात मोठी जाऊ, आत्या, शेजारची लेकुरवाळी अशा कितीजणींना पाजताना तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. मी अंगावर पिणारं बाळ जवळून पाहिलं ते थेट माझं स्वतःचं. आणि त्या जुन्या काळाचं सगळंच घेण्यासारखं नव्हतं. कितीतरी घरांत चीक 'खराब' म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हे आज पक्कं माहीत आहे.

माझं सिझर झालं. पहिल्या रात्री बाळ माझ्याजवळ नव्हतंच, त्याला बाटलीने पाजलं गेलं. तिसऱ्या दिवशी खोलीत भेटायला आलेली प्रत्येक बाई विचारत होती, 'दूध येतंय ना पुरेसं?' खरं तर सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर मी तीन रात्री रडले नसते. दहाव्या दिवशी डाव्या बाजूला दगडासारखी गाठ आणि अंगात फणफणून ताप. सांगलीला आईच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात, त्या आल्या. त्यांनी बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, नाक बोंडासमोर आणलं आणि बाळ जांभईसारखा मोठा आ करेपर्यंत मला थांबवलं. मग नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला. 'दुखतंय म्हणून ही बाजू बंद करू नकोस, आणि तापासाठी आजच डॉक्टरांना दाखव,' एवढं सांगून त्या गेल्या. कळ मी दहा दिवस सोसलीच होती, काकू. माझं अडलं होतं बाळाच्या तोंडाच्या कोनावर.

मी एकटीच अशी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. एवढ्या सगळ्या आया नाजूक असतील का? बाळ वेळेवर छातीशी द्यायला जवळ कुणी नव्हतं, असं मला वाटतं.

डब्याच्या जाहिरातीचा आरोप मात्र मला लागला. अशा जाहिरातींवर आणि आयांना फुकट डबे वाटण्यावर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती मला मनापासून योग्य वाटते. घरात डबा येतो तो तिसऱ्या रात्रीच्या रडण्याने, 'हिला दूधच नाही' या वाक्याने. ज्या बाळांना खरंच आईचं दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठीही डबा हा एकच मार्ग नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मिळतं.

नोकरीचं थोडक्यात सांगते. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं. मी कामावर परतले तेव्हा दूध काढायला जागा मिळाली ती स्वच्छतागृहात. आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईचा तर एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. तिला कळ सोस म्हणायची माझी हिंमत नाही.

आता तुमची सून. वीस दिवस म्हणजे काहीच उशीर झालेला नाही, या टप्प्यावर दूध बऱ्याचदा परत वाढतं. बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर घेऊ द्या, रात्रीचं पाजणं तर मुळीच चुकवू नका. वरचं दूध एकदम तोडू नका. डॉक्टरांकडून वजन करून घ्या आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा, तोवर बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा. दिवसात सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. बाळ तोंडात कसं धरतं ते एकदा जाणत्या परिचारिकेला दाखवा. आणि पाजून झालं की ढेकर काढायला बाळ तुम्ही घ्या, तिला तासभर झोपू द्या. पुढच्या आठवड्यात वजन किती भरलं ते इथेच कळवा, मी वाट बघते.