आतला मायनस, बाहेरचा मायनस

परवा रात्री लेकीने आलेखवही माझ्यापुढे सरकवली. "बाबा, हे फंक्शन वाय-अक्षात परावर्तित करायचंय. तुला जमेल?"

बावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. अधिक-उण्याला काय भिणार! वहीवर पॅराबोला होता: एक्सवर्ग उणे चार एक्स अधिक तीन. एक्स-अक्षाला १ आणि ३ वर छेदणारी, उजवीकडे ठेवलेली वाटीच. वाय-अक्ष म्हटलंय, म्हणजे वायचं चिन्ह बदलायचं, असं म्हणत मी झटक्यात वाटी पालथी घातली.

"पालथी नको रे, पलीकडे ने! वाय-अक्षात एक्सचं चिन्ह बदलतं."

म्हणजे नाव वायचं आणि मार खायचा एक्सने. हा कुठला न्याय?

आमचा आवाज चढला तशी स्वयंपाकघरातून बायको आली. तिने पर्समधला पावडरीचा आरसा काढला आणि वहीवर वाय-अक्षाच्या रेघेवर उभा धरला. १ आणि ३ वरची वाटी आरशात उणे १ आणि उणे ३ वर दिसत होती. खोली तेवढीच, तोंड वरच. उभ्या अक्षावर ३ पाशी जो बिंदू होता, तो आरशाला टेकून जागच्या जागी. मग तिने आरसा एक्स-अक्षावर धरला, तर त्यात माझी पालथी वाटी. बीए मराठी आहे ती. मी बीकॉम.

पुढचं गणित वर्गमूळ एक्सचं होतं. परावर्तन केल्यावर मायनस वर्गमुळाच्या आत गेला आणि मला जोर चढला. "ऋण संख्येला वर्गमूळ नसतं. पेपर काढणाराच चुकलाय!"

"आणि एक्सच उणे चार असला तर?" लेकीने विचारलं.

उणे उणे अधिक. चाराचं वर्गमूळ दोन. आलेख निवांत डावीकडे निघून गेला.

मग लेकीने मला वहीच्या कोपऱ्यात नियम लिहून दिला, लहान मुलाला देतात तसा: कंसाबाहेरचा, म्हणजे अख्ख्या फंक्शनला लागलेला मायनस वर-खाली उलटवतो, आतला, म्हणजे नुसत्या एक्सला लागलेला, डावं-उजवं. मी म्हटलं, बरोबरच आहे, बाहेरचा मायनस माणसाला आडवा करतो, घरातला नुसता इकडून तिकडे पळवतो. त्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत घरात कोणी बोललं नाही.

एका ठिकाणी मात्र मी चमकलो. एक्सवर्ग वाय-अक्षात कितीही उलटवा, तोच राहतो. याला इव्हन फंक्शन म्हणतात. म्हटलं, ही तर आपली लोकल! चर्चगेटला गाडी कुठे वळवतात? दोन्ही टोकांना केबिन. हीच गाडी उलट्या तोंडाने विरारला. लेक हसली. "आणि एक्सचा घन?" तो म्हणे दोन्ही अक्षांत उलटवला तरच पुन्हा तोच. मी जांभई दिली.

सकाळी धो-धो पाऊस. हिंदमाताला पाणी भरलेलं आणि आमची बस त्यात उभी. खिडकीतून पाहतो तर समोरची चार मजली इमारत पाण्यात पालथी, गच्चीवरच्या टाकीसकट. मी फोटो काढून लेकीला पाठवला: "एक्स-अक्ष. बाहेरचा मायनस!"

लगेच उत्तर आलं. "बरोबर. तुझा डबा ओट्यावर राहिलाय."