जाड झालेलं हृदय ‘मजबूत’ नसतं

‘बीपीमुळे हृदयाचा स्नायू जाड होतो, म्हणजे कमावलेल्या दंडासारखं हृदय मजबूतच होतं, गोळ्या कशाला?’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. पहिला भाग खरा, पुढचा घातक.

डाव्या खालच्या कप्प्याची भिंत साधारण १ सेंटिमीटरपर्यंत जाड असते. चढ्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलून ती जाडच नव्हे, ताठरही होते. मग कप्पा नीट सैलावत नाही, दाब मागे फुफ्फुसांपर्यंत जातो आणि जिना चढताना धाप लागते. वाढलेल्या स्नायूला रक्तपुरवठाही अपुरा पडतो. अनियमित ठोके, हार्ट फेल्युअर (हृदयाचं काम अपुरं पडणं), पक्षाघात यांचा धोका वाढतो. (धावपटूंचं प्रकरण वेगळं: तिथे कप्पाही मोठा होतो आणि छान सैलावतो.)

साध्या ईसीजीत हे अनेकदा सुटतं, टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसतं. बीपी आटोक्यात राहिलं तर ही जाडी कमीही होऊ शकते. गोळ्या त्यासाठीच असतात.