हापसा, काळा चहा आणि तुमचा प्रश्न

सर,

युगांडातल्या माझ्या अकरा महिन्यांवरच्या शेवटच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया आठवडाभर तशीच ठेवली होती. पहिल्या दिवशी राग आला होता, आणि रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर मी एकदा खोडलंही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बीडकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक विचारतात: 'आपल्याकडे दुष्काळ कमी होता का, म्हणून आफ्रिकेत गेलात? तुमच्या विमानभाड्यात तिथले दोन हापसे दुरुस्त झाले असते. आणि काही नसतानाही ही मुलं किती हसतात, असं लिहिताना तुमच्याच खेड्यातली मुलं कशाला हसतात ते कधी पाहिलंत का?' शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या शाळेसमोरचा हापसा बारा वर्षं बिनदांड्याचा उभा आहे.

आधी मुलांचं. ते वाक्य मी काढून टाकलंय, फोटोही काढलाय. त्या मुलांकडे काही नव्हतं हे मी कशावरून ठरवलं होतं? त्यातल्या एकीच्या घरी बैलजोडी, नांगर आणि माझ्या आजोबांपेक्षा जास्त जमीन होती. ती हसत होती कारण मी सायकलवर वीस लिटरचा कॅन बांधायला गेले आणि सायकलसकट आडवी झाले. फोटोत ते दिसत नाही. तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

विमानभाड्याचा हिशेब मात्र तुम्ही कमी धरलात. मुंबईहून अदिस अबाबामार्गे एंटेबीला जाऊन परत यायच्या पैशांत दोन नाही, किरकोळ बिघाडाचे पुष्कळ हापसे सुरू झाले असते. वायसर, साखळी, बेअरिंग यांना फार पैसे लागत नाहीत. पण तिथे अडत होतं ते निराळंच. त्याकडे वळण्याआधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर देते, कारण त्याला बगल दिली तर पुढचं सगळं लटकं वाटेल. मला परदेश बघायचा होता. वय एकतीस, डिप्लोमा सिव्हिलचा, आणि महाराष्ट्राच्या बाहेर काढलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे पाठवणाऱ्या संस्थेने राहण्या-जेवणापुरते पैसे देऊ केले आणि मी हो म्हटलं. सेवाबिवा हे शब्द अर्जात लिहिले होते, ते सगळेच लिहितात.

पण 'आपल्याकडे का नाही' याला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती तुमच्या शाळेसमोरच उभी आहे. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा मी त्याच जिल्ह्यात बोअरच्या सर्वेक्षणावर होते. गावोगाव हापसे बघितले. बहुतेक ठिकाणी नुसता वायसर बदलून भागणार नव्हतं, कारण खालचं पाणीच गेलेलं. साधा हापसा साधारण 45-50 मीटरपर्यंतचं पाणी उचलतो. आपण ऊस केला, मोटारी लावल्या, पाचशे फूट, सातशे फूट बोअर मारले आणि त्या हापशाखालून पाणी ओढून घेतलं. तिथे पाना घेऊन मी काय करणार होते? युगांडाच्या पूर्वेकडच्या तेसो भागात, म्हणजे सोरोटी शहराच्या आसपासच्या खेड्यांत, आमच्या बोअरला पाणी पंचवीस मीटरच्या आत होतं. पाणी होतं, हापसा चालत नव्हता. मला येत होती ती विद्या तिथे उपयोगी पडेल असं वाटलं. किती पडली ते आता सांगते.

पहिल्याच आठवड्यात मला गावच्या बोअरवर नेलं. (तिथेही लोक हापशाला बोअरहोलच म्हणतात.) बघते तर तोच. तीन पायांचा बुंधा, वर चौकोनी डोकं, लांब दांडा आणि आत साखळी. आपल्याकडे पूर्वी बिडाचे हापसे बसवत, ते एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. त्यावर अख्खं गाव हापसायला लागल्यावर ते टिकेनात. म्हणून जालना-सोलापूरकडच्या मिशनच्या कार्यशाळांत पोलादी हापसा तयार झाला आणि तो 'सोलापूर पंप' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्यावरूनच 1970च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' घडला. युगांडाने तो स्वीकारून नाव ठेवलं 'यू टू'. मी सोलापूरची, आणि सोलापूरचा नातू तिथे कडुलिंबाखाली उभा! ऊर भरून आला. पंपवाल्या मिस्त्रींना उत्साहाने सगळा इतिहास सांगितला. ते शांतपणे म्हणाले, 'असं का? मग तुमच्याकडच्या लोकांना सांगा, पाइप चांगले पाठवा.'

मिस्त्री पन्नाशीचे. सायकलच्या कॅरिअरवर दोन मोठे पाने, पाइप धरायचे क्लॅम्प आणि दोरीचं वेटोळं. आठ-दहा गावांचे हापसे त्यांच्याकडे. फेब्रुवारीत, ऐन कोरड्या दिवसांत आमचा हापसा कोरडा ओढायला लागला. दांडा खालीवर होई, पाणी नाही. बायका पाणथळीच्या कडेला खड्डे खणून झिरपलेलं पाणी वाटीवाटीने भरत होत्या. हापशापाशी पिवळ्या कॅनांची रांग मात्र तशीच होती, कारण रांगेतला नंबर कोण सोडणार? टँकर यायच्या आधी आपल्याकडे घागरी मांडून ठेवतात, तसंच.

सहा माणसं लावून नऊ पाइप वर काढले. तीन मीटरचा एक पाइप रिकामा असतानाच दहाएक किलो भरतो, आणि निघताना सगळी माळ एकदम तोलून धरावी लागते. सातवा पाइप बाहेर आला तेव्हा मिस्त्रींनी तो उन्हाकडे धरून मला आरपार बघायला लावलं. जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाला पेन्सिल जाईल एवढं भोक होतं, आणि आतून तांबड्या गंजाचे पोपडे. काही ठिकाणी भूजल थोडं आम्लधर्मी असतं, ते जस्ताचा मुलामा खातं, मग लोखंड खातं. पाणी तांबूस येतं, कपड्यांवर डाग पडतात. मिस्त्रींची परीक्षा तर त्याहून सोपी होती. ज्या घरी जात तिथे चहा मागत. लोखंड असलं की चहा शाईसारखा काळा पडतो.

मिस्त्री म्हणाले, 'परत हेच पाइप घालू नका. स्टेनलेसचे घाला, नाहीतर थांबा.' स्टेनलेसचे पाइप कितीतरी महाग, आणि संस्थेच्या यादीत जी.आय.च लिहिलेले. माझ्याकडे सही होती, बजेट होतं आणि समोर कॅनांची रांग होती. मी जी.आय. मागवले. चौथ्या दिवशी पाणी आलं, गाणी झाली, माझे हात हातात घेऊन 'एयालामा नोई', म्हणजे खूप खूप आभार, झालं. त्याचाच फोटो तुम्ही लेखात पाहिलात.

ऑक्टोबरमध्ये माझ्या घरमालकिणीने, जिला सगळं गाव 'टोटो' म्हणजे आई म्हणतं, सकाळचा चहा माझ्यापुढे ठेवला. काळाकुट्ट. ती काही बोलली नाही. तिने साखरेचा डबा सरकवला आणि अंगण झाडायला गेली.

हे मी लेखमालेत लिहिलं नव्हतं. तुमची प्रतिक्रिया झोंबली ती त्यामुळेच. विमानभाड्याच्या पैशांतून दोन हापसे दुरुस्त झाले असते, हे खरंच. मी केलेला एक आठ महिन्यांत पुन्हा गंजायला लागला होता.

मग अकरा महिने केलं काय? खरं सांगायचं तर पाहुणचार घेतला. पहाटे अंगण झाडल्याच्या आवाजाने जाग यायची. जेवायला बसलं की घरातली दहा वर्षांची मुलगी गुडघे टेकून हातावर पाणी घालायची. मला अवघडल्यासारखं व्हायचं, तिला नाही. पानात अताप, म्हणजे नाचणी आणि कसाव्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली चवळीच्या पानांची भाजी. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, तिथून आपल्याकडे आली. त्यामुळे मी माझंच जेवण जेवतेय असं वाटायचं, ते अगदीच खोटं नव्हतं. एकदा उखळात शेंगाचटणी कुटून दिली. टोटोने चव घेतली, ठसका लागला, आणि म्हणाली की दाणे चांगले होते, उगाच खराब केलेस. त्याहून जास्त वेळ गेला तो वाट बघण्यात. गावच्या चेअरमनची वाट बघा, ते आले की अभ्यागतांच्या वहीत सही करा, पाऊस थांबायची वाट बघा, सोरोटीहून सुटा भाग यायची वाट बघा. सोरोटीत अजून जुन्या गुजराती दुकानदारांच्या दगडी माड्या आहेत. 1972 साली हुकूमशहा इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडायला लावलेल्यांच्या. गावात कुणी मला पहिल्यांदा बघितलं की 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हणे आणि पुढचा प्रश्न ठरलेला, दुकान कुठे टाकणार?

एक काम मात्र झालं, आणि त्याचं श्रेय माझं नाही. हापशाच्या समितीत दर घराने दर महिन्याला पैसे द्यायचे असा नियम होता. मी मोठ्या हौसेने रेघा मारून वही केली. जूनपर्यंत दोन तृतीयांश रकाने कोरे. मी खजिनदारबाईंपुढे वैतागले. त्या म्हणाल्या, जूनमध्ये कुणाकडे पैसे असतात? पाऊस पडला की अर्धी घरं खड्ड्याचं पाणी भरतात, त्यांना हापशाची आठवणही नसते. शेंगा निघू दे. मी म्हटलं, आमच्याकडेही पूर्वी सुतार-लोहाराला सुगीला धान्य देत, त्याला बलुतं म्हणत. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. 'तुला हे ठाऊक होतं,' त्या म्हणाल्या, 'मग ही महिन्याची वही कुणासाठी केलीस?'

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. संस्थेच्या अहवालात महिन्यांचे रकाने होते.

वही बदलली. वर्षातून दोनदा, एकदा शेंगा निघाल्यावर आणि एकदा डिसेंबरात. पैसे नसतील त्यांनी शेंगा किंवा नाचणी द्यायची, ती समितीने विकायची. माझ्या हस्ताक्षरातली पानं फाडून त्यांनी चुलीत घातली, कागद चांगला पेटतो म्हणून.

हे काम आपल्याकडे करता आलं असतं का? आलं असतं. बहुधा तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं केलं असतं. फरक एवढाच की सोलापुरात मी त्या बाईंचं ऐकलं नसतं. आमच्याकडे मी 'मॅडम' असते, बोलते आणि सही करते. तिथे भाषा येत नाही, सायकल चालवता येत नाही, अताप नीट मोडता येत नाही, अशी एक बाई होते. ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तरीही पाइपांच्या वेळी ऐकलं नाहीच.

गेल्या महिन्यात मिस्त्रींचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. नऊ स्टेनलेस पाइपांपैकी पाचांचे पैसे जमलेत. पाच आत्ता घेऊन बाकीचे नंतर, असं करणार नाहीत, कारण स्टेनलेसला जी.आय. जोडला तर सांध्यापाशी जी.आय. आणखी लवकर खातो. सगळे एकदमच घेणार. तोवर चहा काळाच. मी उरलेले पैसे पाठवू का विचारलं, तर उत्तर आलं की खजिनदारबाई आधी वही बघून सांगतील.

आणि सर, तुमच्या शाळेसमोरच्या हापशाचं. दांडा नाही म्हणता, पण डोक्याचं झाकण उघडून आत साखळी आहे का ते बघून कळवाल? दोरीला दगड बांधून पाणी किती खोल लागतं तेही मोजा, आणि लागलं तर पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. पन्नास मीटरच्या आत लागलं तर दिवाळीच्या सुट्टीत मी पाने घेऊन येते. चहा तुमच्याकडे घेऊ.