तुम्ही समजूतदार दिसता

गेल्या रविवारी एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने मला चारचौघांत, तेही मी हाफ चड्डीवर असताना, "काका, तुम्ही समजूतदार दिसता" असं म्हटलं. आज गुरुवार. अजून उतरलेलं नाही.

शिवी परवडली असती. शिवीला उलट शिवी देता येते. पण समजूतदार म्हटल्यावर माणूस काय करणार? 'तू समजूतदार, तुझा बाप समजूतदार' असं अंगावर जाता येत नाही.

ठिकाण वॉटर पार्क. कुठलं ते सांगत नाही. मे महिना, रविवार, डोंबिवलीहून सकाळी सातला निघालेलो मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. सुती कपड्यांचे धागे पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात म्हणून नायलॉनचेच कपडे हवेत, आणि ते नसतील तर भाड्याने घ्या, वर डिपॉझिट भरा. माझ्या आधी ही निळी चड्डी कोणाकोणाची होती याचा विचार करायचा नाही, असं मनाशी ठरवून मी ती चढवली. मनगटाला लॉकरची किल्ली अडकवली आणि मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत उभा राहिलो.

रांग म्हणजे पाच मजली लोखंडी जिना. वर गोल रबरी राफ्ट, एका वेळी चार माणसं. एक तास दहा मिनिटं लागली. माझं घड्याळ लॉकरमध्ये होतं, पण मागच्या बाईंचं पाण्यात चालणारं होतं आणि दर पाच मिनिटांनी त्या, रेल्वे स्टेशनवर करतात तशी, वेळेची घोषणा करत होत्या. पण खरं सांगतो, मला ती रांग आवडायला लागली होती. भाड्याच्या निळ्या चड्डीत कोण मॅनेजर आणि कोण शिपाई ते कळत नाही. व्हिजिटिंग कार्ड ठेवायला खिसाच नाही. जे काम कीर्तनांनी झालं नाही ते नायलॉनने केलं, असा विचार तिसऱ्या मजल्यावर माझ्या मनात आला होता.

चौथ्या मजल्यावर मागून आवाज आला. "एक मिनिट, एक मिनिट, एक मिनिट."

'एक मिनिट' हा आपल्याकडचा सायरन आहे. १ मे २०१७ पासून पुढाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तेव्हा मला वाटलं होतं की संपलं. कसलं संपतंय! टपावरून उतरवलेला दिवा लोकांनी घशात बसवून घेतला. हा आवाज आला की माणसं वळूनही न बघता बाजूला होतात. मीही झालो.

वर आले ते साहेब. वय साधारण माझ्याइतकंच, पोटही साधारण तेवढंच, चड्डीही तीच निळी. फरक दोनच. गळ्यात सोन्याची चेन, आणि तिच्यावर प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये लोंबकळणारा मोबाईल. एका हाताला धरून सहा-सात वर्षांचा मुलगा, जो प्रत्येक पायरीला न चुकता म्हणत होता, "पप्पा, मला नाही जायचं."

वर राफ्ट सोडणारा पोरगा होता. गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी, डोक्यावर रंग उडालेली टोपी. छातीवर नावाची पट्टी होती, पण नाव इथे लिहीत नाही. उगाच कुठल्या तरी भाऊंचा त्याला फोन जायचा.

"काय रे, इथला इन्चार्ज कोण?"

"मीच आहे सर."

"तू नाही रे. मोठा कोण?"

"मोठे खाली असतात सर."

"मग बोलव वर."

"ते वर येत नाहीत सर. गुडघे."

साहेबांनी श्वास घेतला आणि ज्यासाठी ते पाच मजले चढून आले होते ते वाक्य टाकलं. "मी कोण आहे, माहितीये का तुला?"

"हो सर."

इथे साहेब अडकले. या प्रश्नाला आजवर कोणी हो म्हटलं नसावं. प्रश्नाची सगळी रचनाच 'नाही'वर उभी असते. समोरच्याने 'नाही' म्हणायचं, मग आपण सांगायचं, मग त्याने ओशाळायचं. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.

"कोण आहे?" साहेबांनी जरा पडत्या आवाजात विचारलं.

"सर आहात, सर."

माझ्या पुढचे दोन व्यायामशाळेतले तरुण खुसफुसायला लागले. साहेबांनी मग मोबाईल काढला, म्हणजे पाऊचसकट समोर धरला. ओल्या बोटाने, प्लॅस्टिकवरून. आधी कॅल्क्युलेटर उघडला. मग टॉर्च पेटला. मग त्यांच्या हनुवटीचा एक फोटो निघाला. शेवटी एकदाचा फोन लागला तो थेट स्पीकरवर, आणि तो बंद कसा करायचा हे त्या पाऊचला मान्य होईना. त्यामुळे पुढचं सगळं पाचव्या मजल्यापासून खालच्या शेवटच्या पायरीपर्यंत सर्वांनी ऐकलं.

"हॅलो, मी बोलतोय."

"कोण?"

"अरे, मी!"

"मी कोण?"

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "सर आहेत, सर." साहेबांनी तिकडे रागाने पाहिलं.

"भाऊंना दे जरा."

"भाऊ झोपलेत. काय काम होतं?"

"काही नाही, एका पोराशी बोलायचंय त्यांनी. दोन शब्द."

"कुठला पोरगा?"

"घसरगुंडीवरचा."

पलीकडे शांतता. मग अगदी काळजीच्या सुरात, "दादा, घेतलीय का तुम्ही?"

"पप्पा, मला नाही जायचं," मुलगा म्हणाला.

एवढ्यावर कोणीही हसला असता. तो पोरगा हसला नाही. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "कंट्रोल, टॉवरवर स्पेशल गेस्ट आहेत, काय करू, ओव्हर." ऐकलं, मान डोलावली. "सर, कंट्रोलने सांगितलंय, दोन मिनिटं सावलीत उभं करा. खास तुमच्यासाठी." आणि स्वतःच्या छत्रीखाली साहेबांना उभं केलं. साहेब चक्क खूश! बाकी सगळे उन्हात, ते एकटे सावलीत. चार राफ्टा गेल्या, त्या पोराने तीन वेळा कंट्रोलला विचारलं, तिन्ही वेळा कंट्रोलने दोन मिनिटं सांगितली. मी मनातून त्या पोराचा भक्त झालो होतो. असा माणूस आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी हवा, असं बायकोला म्हणालोही.

मग आमची पाळी आली. बायको बसली, मुलगी बसली, मी एक पाय उचलला. आणि साहेबांचा संयम, जो मुळात भाड्याचाच होता, संपला. ते छत्रीतून बाहेर आले आणि मोठमोठ्याने बोलायला लागले. ओळखी, कंप्लेंट, नोकरी, बघून घेईन, सगळं एका दमात. पोराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. डोळे व्यायामशाळेवाल्यांच्या रिकाम्या जागेवरून, घोषणावाल्या बाईंवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबले.

"काका, तुम्ही पुढच्या राफ्टने या ना. तुम्ही समजूतदार दिसता."

त्यांना सर. मला काका. वय सारखं, पोट सारखं, चड्डी सारखी.

आणि मी काय म्हणालो? "हो हो, चालेल ना." हे मी म्हणालो नाही हो, ते निघालं. ते माझ्या तोंडातून लहानपणापासून निघतंय. उचललेला पाय मी मागे घेतला आणि माझ्या जागी साहेब बसले. मुलाला बसवायला हात पुढे केला तर त्याने खांबाला मिठी मारलेली. "मला नाही जायचं!" पाण्याचा रेटा आला, शिट्टी वाजली, आणि माझी बायको, माझी मुलगी आणि साहेब असे तिघे एकत्र बोगद्यात दिसेनासे झाले. चौथी जागा रिकामी. मी वर. माझ्या हातात साहेबांच्या मुलाचा हात.

"काका," तो म्हणाला, "मला सू लागली."

पाच मजले. संपूर्ण रांगेच्या उलट दिशेने. मी एका परक्या पोराला पुढे धरून खाली उतरत होतो आणि तोंडाने म्हणत होतो, "एक मिनिट, एक मिनिट, एक मिनिट." तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा मला म्हणाले, "रांग दिसत नाही का हो तुम्हाला?"

त्या घसरगुंडीवर मी गेलो नाही ते नाहीच. पुन्हा एक तास दहा मिनिटं कोण उभं राहणार?

बायको म्हणते, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मी म्हणतो, ही फुकटची वस्तू नाहीये. साहेबांना जी खास वागणूक मिळाली ती पार्कने दिली नाही, त्या पोरानेही दिली नाही. ती मी दिली. साहेबाला पुढे सोडतात तेव्हा सगळी रांग थोडी थोडी मागे सरकते असं आपल्याला वाटतं. तसं काही नसतं. रांगेतला जो भांडणार नाही असा एक माणूस हेरतात आणि बिल त्याच्या नावे फाडतात. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तोच माणूस. मीच असतो बहुतेक.

बाहेरच्या देशांत तरी वेगळं असेल म्हणावं, तर फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये काही श्रीमंत कुटुंबं अपंग माणसाला गाइड म्हणून भाड्याने घ्यायची, त्याच्या सवलतीवर रांग चुकवायची. २०१३ साली हे पेपरात आलं तेव्हा ताशी १३० डॉलर असा दर छापला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डिस्नेने ती सवलतीची पद्धतच बदलली. म्हणजे गैरफायदा घेतला धडधाकटांनी आणि नवे नियम समजून घेत बसले ज्यांना खरंच गरज होती ते. तिथेही समजूतदारांचीच फजिती.

रांगेत उभं राहिल्याबद्दल मान मिळाल्याचं एकच उदाहरण मला माहीत आहे. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा होते तेव्हा दर्शनाच्या रांगेतल्या एका जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून शेजारी बसवतात. वर वर्षभराचा एसटीचा मोफत पास. पण त्यासाठी विठोबा लागतो. वॉटर पार्कला असतं ते रंगीत अस्वल.

दुपारी तो पोरगा मला टाक्यांच्या मागे डबा खाताना दिसला. ड्युटी बदलली होती. मी तावातावाने गेलो, पण त्याने सरकून जागा दिली, मग काय बोलणार?

"तुझं ते कंट्रोल कुठे बसतं रे?"

"कुठे नाही. ह्याची बॅटरी दिवाळीपासून गेलीय, काका."

मग तो बराच बोलला. रोज मालकांचे दहा तरी मित्र येतात. वाढदिवसवाले येतात, पत्रकार येतात, "कॉर्पोरेशनमध्ये आहोत" म्हणणारे येतात. खरा मोठा माणूस असेल तर आदल्या दिवशी ऑफिसात फोन येतो, आणि फुलपँट घातलेला कोणीतरी त्याला मागच्या जिन्याने आणतो. ज्याला आपण कोण ते सांगावं लागतं तो कोणीच नसतो.

"मग सोडलंस कशाला?"

"पाच मिनिटं भांडलो असतो तर खालची शंभर माणसं माझ्या नावाने ओरडली असती. आणि ते खाली जाऊन नेटवर एक स्टार देतात. त्याचं बोलणं आम्हाला खावं लागतं."

"पण मीच का?"

"तुमच्या पायावर मघाशी त्या जिमवाल्याने पाय दिला ना," तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही त्याला सॉरी म्हणालात."

यावर मला बोलायला काही नव्हतं. मी पिशवीतून धपाटा काढला. त्याने त्याच्याकडे पाहिलं.

"बाहेरचं खाणं आत कसं आलं, काका?"

आता हे सांगायचं राहिलं. सकाळी गेटवर सिक्युरिटीवाला डबा काढून घेत होता तेव्हा मी म्हणालो होतो की आईला शुगर आहे, तिला वेळेवर खावं लागतं. आजी कुठायत, त्याने विचारलं. मागून येतायत, म्हटलं. त्याने सुस्कारा टाकून दोन धपाटे सोडले होते. आईला शुगर खरंच आहे. फक्त ती डोंबिवलीत मालिका बघत बसली होती.

"आईला शुगर आहे," मी म्हणालो.

पोराने आजूबाजूला पाहिलं. आई कुठेच नव्हती. त्याने मान डोलावली, अगदी सकाळी डोलावली होती तशीच.

"हो सर," तो म्हणाला.

निघताना फोटोच्या काउंटरवर मुलगी अडून बसली. बोगद्यातून बाहेर पडताना वरचा कॅमेरा आपोआप फोटो काढतो, तीनशे रुपये. मुलीचे दोन्ही हात वर, बायकोचे डोळे मिटलेले, मध्ये साहेब दोन्ही कड्या घट्ट धरून त्यांच्या मुलापेक्षा मोठ्याने ओरडतायत आणि पाऊच उडून त्यांच्याच तोंडावर आलाय. शेजारची रिकामी जागा फार स्वच्छ आलीय. मी पैसे देत होतो तेवढ्यात साहेब स्वतः आले. "तुमची मुलगी लई धीट आहे हं. फोटो घेताय ना, मग मला पण व्हॉट्सअ‍ॅप करा. कशाला दोन-दोन कॉप्या?" नंबर दिला. "कधी काही अडलं तर सांगा. आपली माणसं आहेत सगळीकडे."

मी फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

तो फोटो आता आमच्या फ्रिजवर आहे. काल आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि बायकोला विचारलं, "हे गं कोण?"

"ते ना?" बायको म्हणाली. "ह्यांच्या जागी बसले होते ते."