हायपरक्यूब सगळ्यात भारी, हे अर्धवट खरंय

इंजिनीअरिंगच्या ग्रुप्सवर एक फॉरवर्ड फिरतंय, की सुपरकॉम्प्युटरमधले प्रोसेसर एकमेकांना जोडायला हायपरक्यूबच (२ⁿ प्रोसेसर, प्रत्येकाला n शेजारी जोडलेले) सर्वोत्तम आणि मेश-टोरस (चौकटीची जाळी; टोरसमध्ये तिची समोरासमोरची टोकंही जोडलेली) म्हणजे जुनाट. ह्यातलं गणित बरोबर आहे पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि पोरं तो परीक्षेत तसाच लिहितायत म्हणून हा खुलासा.

१०२४ नोड, म्हणजे प्रोसेसर, घ्या. हायपरक्यूबमध्ये सगळ्यात लांबचा प्रवास १० हॉप (हॉप म्हणजे एका नोडवरून शेजारच्या नोडवर उडी), ३२×३२ च्या टोरसमध्ये ३२. बरोबर. पण हायपरक्यूबच्या प्रत्येक नोडला १० लिंक लागतात, टोरसला ४च, आणि नोड दुप्पट केले की हायपरक्यूबमध्ये प्रत्येक नोडला अजून एक पोर्ट हवा, तो तयार चिपवर आणणार कुठून? पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला तो ट्रान्सप्युटरवर (लिंक चिपमध्येच असलेला प्रोसेसर), त्याला लिंक ४च, म्हणजे थेट जोडून हायपरक्यूब करायचा तर १६ नोडला गोष्ट संपली!

शिवाय वर्महोल राउटिंग (मेसेज पूर्ण यायची वाट न बघता त्याचे तुकडे एकामागोमाग पुढे सरकवायचे) आल्यावर मेसेज मोठा असेल तर हॉप किती ह्याला तेवढं महत्त्व राहत नाही, लिंक किती रुंद ते जास्त बघावं लागतं, आणि वायरिंगचं बजेट तेवढंच ठेवलं तर कमी डायमेन्शनवाल्या (मेश-टोरससारख्या) नेटवर्कला लिंक रुंद मिळते. म्हणूनच आयबीएमच्या ब्लू जीन/एल ह्या सुपरकॉम्प्युटरमध्ये ६५,५३६ नोड ६४×३२×३२ च्या टोरसमध्ये बसवले, नोडला फक्त ६ लिंक. हायपरक्यूबला १६ लागल्या असत्या.

हां, सगळ्यांनी सगळ्यांना डेटा पाठवायचा असेल, एफएफटीसारखं (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी काढायचं गणित), तिथे टोरस खरंच अडखळतो, कारण मधोमध कापला तर लिंक कमी सापडतात. त्यासाठी फॅट-ट्री किंवा ड्रॅगनफ्लाय ह्या जोडणीच्या दुसऱ्या रचना बघा.